देह मातीला द्यावा की अग्नीला?



ख्रिस्ती माणसाचा देह मरणानंतर मातीलाच द्यावा, की तो अग्नीला दिला तरी चालेल? एके काळी आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. आता तो वारंवार कानी येतो, आणि त्याला कारणेही तशीच आहेत. मोठ्या शहरांतील कबरस्थाने भरत आली आहेत. नोकरीधंद्यानिमित्त इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी जाऊन राहिलेल्या कुटुंबाला वाडवडिलांचे कबरस्थान शेकडो मैल दूर पडते. मुले परदेशी असतात. एकाच घरात कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदू असे असते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीने तर कित्येक घरांना निवड करण्याची सवडही दिली नाही.

अडचण अशी की हा प्रश्न बहुधा प्रेत घरात असताना उपस्थित होतो. रडणे थांबलेले नसते, दूरचे नातेवाईक वाटेत असतात, आणि बाहेर ओसरीवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, देह जाळला तर पुनरुत्थान कसे होणार? दुसरा म्हणतो, प्राण गेल्यावर देहाचे काहीही झाले तरी काय बिघडते? ही दोन्ही बोलणी शास्त्राला धरून नाहीत, असे माझे मत आहे. शोकाच्या घाईत ज्याचा निकाल नीट लागत नाही, त्याचा विचार आधीच शांतपणे करून ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. माझे आयुष्य पवित्र शास्त्राच्या भाषांतरात गेले असल्यामुळे मी शब्दांपासून सुरुवात करतो. वाचकांनी ते समजून घ्यावे.

शास्त्रातील शब्द

मनुष्याला हिब्रू भाषेत ‘आदाम’ म्हणतात आणि जमिनीला, मातीला ‘आदामा’. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याला मातीतून घडवतो आणि तिसऱ्या अध्यायात त्याला सांगतो की तुझा शेवटही मातीतच आहे. मूळ वाचकाच्या कानाला या दोन शब्दांतले नाते आपोआप ऐकू येते. मराठी वाचकाला ते समजावून सांगावे लागते. ‘कबर’ या शब्दाची गोष्ट मात्र उलट आहे. हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. त्याचाच हिब्रू भाऊबंद ‘केबेर’ हा शब्द अब्राहामाच्या तोंडी आहे. म्हणजे सारेच्या मृत्यूनंतर अब्राहामाने जो शब्द उच्चारला, त्याचाच सख्खा शब्द आपण आजही आपल्या मयताच्या वेळी उच्चारीत असतो.

सारेची ती कथा (उत्पत्ती २३) सावकाश वाचण्यासारखी आहे. अब्राहाम हेथी लोकांना सांगतो की मी तुमच्यात उपरा आहे, परदेशी आहे; माझ्या मयतासाठी मला तुमच्यात जागा द्या. ते लोक त्याला आदराने वागवतात. अखेर तो एफ्रोनाला ४०० शेकेल रुपे तोलून देतो आणि मकपेलाची गुहा व ते शेत विकत घेतो. देवाने ज्याला सगळा देश देण्याचे वचन दिले होते, त्याच्या मालकीची त्या देशातील पहिली जमीन ही एक कबर होती. पुढे त्याच गुहेत अब्राहाम, इसहाक, रिबका, लेआ आणि याकोब यांना ठेवण्यात आले. योसेफाच्या अस्थी तर इस्राएल लोकांनी मिसर देशातून बरोबर घेतल्या आणि शखेमात नेऊन पुरल्या (निर्गम १३:१९, यहोशवा २४:३२). मोशेला खुद्द परमेश्वरानेच पुरले, असे अनुवादाचा शेवटचा अध्याय सांगतो. देह मातीला देणे ही देवाच्या लोकांची रीत होती, याविषयी शंका नाही.

तथापि शास्त्रात अग्नीचेही उल्लेख आहेत, आणि ते काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. काही ठिकाणी जाळणे ही शिक्षा आहे. आखानाची कथा (यहोशवा ७) याचे उदाहरण. अदोमाच्या राजाच्या अस्थी मवाबाने जाळून त्यांचा चुना केला म्हणून आमोस संदेष्टा मवाबाला दोष देतो (आमोस २:१). तेथे अपराध आहे तो शत्रूच्या प्रेताची विटंबना करण्याचा. आसा राजाच्या मृत्यूनंतर मोठा अग्नी पेटवला गेला, असे २ इतिहास १६:१४ मध्ये आहे. येथे भाषांतरकाराने जपून पाऊल टाकावे लागते. मूळ शब्दांचा अर्थ ‘त्याला जाळले’ असा नसून ‘त्याच्यासाठी जाळण्याचा विधी केला’ असा आहे. राजाला त्याच्या कबरेत सुगंधी द्रव्यांसह ठेवले आणि त्याच्या सन्मानार्थ अग्नी पेटवला. मराठीत एका विभक्ती-प्रत्ययाची चूक झाली तर राजाला चितेवर चढवल्यासारखे होते! आमोस ६:१० मध्ये मरीच्या काळात प्रेत बाहेर काढणाऱ्या नातलगासाठी एक शब्द आला आहे. तो ‘जाळणारा’ असा आहे की दुसऱ्याच कोणत्या नात्याचा वाचक आहे, याबद्दल विद्वानांत आजही मतभेद आहेत. तेव्हा अशा वचनावर कोणत्याही पक्षाने आपली इमारत उभारू नये.

नव्या करारातही असेच एक स्थळ आहे. १ करिंथ १३:३ मध्ये आपला देह जाळण्यासाठी देण्याचा उल्लेख आपल्या परिचयाचा आहे. काही जुन्या हस्तलिखितांत तेथे ‘जाळण्यासाठी’ याऐवजी ‘अभिमान मिरवण्यासाठी’ असा पाठ आहे. ग्रीक भाषेत हा फरक मुख्यत्वे एका अक्षराचा. पाठ कोणताही घेतला तरी तेथे पौल बोलत आहे तो प्रीतीवाचून केलेल्या आत्मत्यागाविषयी. अंत्यविधीशी त्या वचनाचा संबंध नाही.

आता राहिली शौलाची कथा, आणि माझ्या मते या विषयावरील सर्वांत महत्त्वाची साक्ष हीच आहे. पलिष्ट्यांनी शौलाचे व त्याच्या मुलांचे देह बेथ-शानाच्या भिंतीवर टांगले. याबेश-गिलादचे शूर लोक रात्रभर चालून गेले, ते देह त्यांनी खाली उतरवले, याबेशास आणून जाळले, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला (१ शमुवेल ३१). त्यांनी देह का जाळले हे शास्त्र सांगत नाही. पण हे वर्तमान दाविदाला कळले तेव्हा त्याने काय केले, ते मात्र सांगते. त्याने त्यांना आशीर्वाद पाठवला आणि त्यांच्या कृत्याला ‘हेसेद’ म्हटले (२ शमुवेल २:५). हिब्रू भाषेतील अत्यंत मोलाच्या शब्दांपैकी हा एक. दया, निष्ठा, करार पाळणारे प्रेम हे सारे त्यात येते. परमेश्वराच्या स्वभावाचे वर्णन करताना स्तोत्रकर्ते हाच शब्द वापरतात. जाळल्याबद्दल दाविदाने एका शब्दानेही दोष दिला नाही. विटंबना झालेला देह जिवावर उदार होऊन सोडवून आणणे, त्याला मान देणे, त्याच्यासाठी शोक करणे, हे त्याने पाहिले.

पुरला गेला

असे असले तरी ख्रिस्ती लोकांनी पहिल्यापासून माती का निवडली? याचे उत्तर एका वाक्यात आहे: आपला प्रभू पुरला गेला. पौल सुवार्तेचा सारांश सांगतो तेव्हा मरण आणि पुनरुत्थान यांच्यामध्ये तो दफनाचा उल्लेख मुद्दाम करतो (१ करिंथ १५:४). प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपणही दर रविवारी तेच म्हणतो. बाप्तिस्म्यात आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो, असे रोमकरांस पत्र सांगते. अरिमथाईकर योसेफाने स्वतःची नवी कबर दिली, निकदेमाने सुमारे शंभर मापे गंधरस व अगरू आणले. गुन्हेगार म्हणून मारलेल्या माणसाच्या देहाला या दोघांनी राजाचा मान दिला.

त्याच अध्यायात पौल देहाविषयी ‘पेरणे’ हे क्रियापद वापरतो. शेतकऱ्याच्या देशात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बी मातीआड होते ते कायमचे नाहीसे होण्यासाठी नव्हे, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. मृतांना ‘निजलेले’ म्हणण्याची रीतही याच आशेतून आली. ‘निजण्याची जागा’ या अर्थाचा ग्रीक शब्द ख्रिस्ती लोकांनी आपल्या कबरस्थानांना लावला, आणि इंग्रजीतील ‘सेमेटरी’ हा शब्द त्यातूनच निघाला. निजलेल्याला उठवायचे असते, म्हणून आपण त्याला हलक्या हाताने ठेवतो.

पण पहिल्या मंडळीने यावरून असा निष्कर्ष काढला नाही की ज्याला माती मिळाली नाही तो पुनरुत्थानाला मुकला. इ. स. १७७ मध्ये फ्रान्समधील लियाँ या शहरी ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह त्यांच्या छळकांनी जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. या लोकांची पुनरुत्थानाची आशाच मोडून काढावी, हा त्यांचा उघड हेतू होता. मंडळीने त्या हुतात्म्यांची आठवण आदराने जपली. देवाचे हात नदीपाशी येऊन थांबतात असे तिने कधी मानले नाही. मिनुसियस फेलिक्स या लेखकाच्या संवादग्रंथात एक रोमी मनुष्य ख्रिस्ती लोकांवर आरोप करतो की चितेच्या भीतीने तुम्ही प्रेते पुरता. त्याला मिळालेल्या उत्तराचा आशय असा: अंत्यविधी कसाही झाला तरी आमचे नुकसान होईल अशी भीती आम्हांला नाही, आम्ही जुनी आणि अधिक चांगली रीत पाळतो, इतकेच. पुढे पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी मृतांच्या काळजीविषयी एक लहानसा ग्रंथ लिहिला. अंत्यविधीचा थाट मृताला साहाय्य करीत नाही, तो जिवंतांचे सांत्वन करतो. तरीही ज्या देहाने पवित्र आत्म्याचे साधन म्हणून सेवा केली त्याची हेळसांड होऊ नये, असा तोल त्यांनी साधला आहे.

आम्हा भाषांतरकारांना तर या बाबतीत आमचेच पूर्वज साक्ष देतात. जॉन विक्लिफ १३८४ मध्ये वारले आणि त्यांना रीतसर पुरण्यात आले. १४१५ च्या कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने त्यांना पाखंडी ठरवले, आणि १४२८ मध्ये त्यांच्या अस्थी उकरून, जाळून, राख स्विफ्ट नावाच्या ओढ्यात टाकण्यात आली. विल्यम टिंडेल यांना १५३६ मध्ये गळा आवळून मारले आणि नंतर जाळले. या दोघांना कबर उरली नाही. समुद्रही आपल्यातील मृतांना परत देईल असे प्रकटीकरणात (२०:१३) सांगितले आहे. मग ओढा आणि राख यांनाही ते द्यावेच लागेल.

विधी ही एक भाषा आहे

तर मग अग्नी आणि माती यांत काहीच फरक नाही काय? फरक आहे. पण तो समजण्यासाठी विधीकडे भाषा म्हणून पाहावे लागते. एकच शब्द दोन गावांत दोन अर्थांनी वापरला जातो, हे भाषांतर करणाऱ्याला रोज अनुभवास येते. विधीचेही तसेच आहे. तो काय बोलतो हे देश आणि काळ यांवर अवलंबून असते.

आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांवर कायदा लादला की प्रेत जाळणाऱ्याला देहदंड द्यावा. तेथे चिता हा जुन्या धर्माचा शब्द होता, आणि राजाने तो तलवारीने बंद केला. एकोणिसाव्या शतकात इटलीतील काही धर्मविरोधी मंडळींनी दहनाचा पुरस्कार केला, तो पुनरुत्थान मानत नाही हे जाहीर करण्यासाठी; म्हणून १८८६ मध्ये रोमने कॅथॉलिकांना दहनाची मनाई केली. पुढे तो अर्थ ओसरला आणि १९६३ मध्ये ही मनाई शिथिल झाली. १९८३ च्या कॅथॉलिक धर्मसंहितेतील ११७६ व्या नियमात दफनाची रीत राखावी अशी कळकळीची शिफारस आहे. दहनाला मनाई नाही, मात्र ते ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधी हेतूने निवडलेले नसावे. २०१६ मध्ये त्यात भर पडली की राख घरात ठेवू नये, वाऱ्यावर किंवा पाण्यात विखरू नये, पवित्र जागी ठेवावी. २०२३ मध्ये काही अटींवर थोडी सवलत देण्यात आली. ऑर्थोडॉक्स मंडळ्या सामान्यतः दहन स्वीकारत नाहीत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकच एक नियम नाही. जपानमध्ये जवळजवळ सर्वच मृतांचे दहन होते. तेथील ख्रिस्ती कुटुंबे राख मंडळीच्या कबरेत ठेवतात आणि पुनरुत्थानाची प्रार्थना करतात. त्या देशात अग्नी नास्तिकपणाचा उच्चार करीत नाही.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहिले तरी ‘हिंदू जाळतात, ख्रिस्ती पुरतात’ हे सूत्र पुरते खरे नाही. लिंगायत समाज आपले मृत पुरतो. संन्याशाला समाधी देतात, तान्ह्या मुलाला पुरतात. खेड्यांत तर प्रेत चितेवर जाणार असले तरी लोक ‘मातीला जाऊन येतो’ असेच म्हणतात. भाषेने माती सोडलेली नाही.

मी भाषांतर करताना एक तत्त्व पाळतो. अर्थ राखण्यासाठी रूप बदलावे लागले तर ते बदलावे. पण ज्या रूपात अर्थ पूर्णपणे सामावला आहे ते उगाच मोडू नये. दफन हे असे रूप आहे. त्यात आपण देह ठेवतो आणि बाजूला होतो. पुढचे देवावर सोपवतो. दाण्याची, निजेची, प्रभूच्या कबरेची सगळी शास्त्रभाषा त्या एका कृतीत बोलते. म्हणून जेथे शक्य आहे तेथे दफनच करावे, असे मी ठामपणे म्हणतो. केवळ सोय, किंवा आधुनिक दिसण्याची हौस, एवढ्यासाठी ही बोलकी रीत टाकू नये.

पण जेथे ते शक्य नाही तेथे काय? २०२० च्या जुलै महिन्यात केरळातील आलप्पुळा येथील लॅटिन कॅथॉलिक धर्मप्रांतापुढे हाच प्रश्न उभा राहिला. करोनाने मेलेल्यांसाठी खड्डा खोल खणणे आवश्यक होते, आणि त्या सखल किनाऱ्यावर थोडे खणताच पाणी लागते. धर्मप्रांताने चर्चच्याच आवारात दहन करून राख कबरस्थानात पुरण्याची परवानगी दिली. रूप बदलले, प्रार्थना, पवित्र जागा, नाव, आशा हे सारे राहिले. याला मी चांगले भाषांतर म्हणतो. मुंबईतील अनेक कबरस्थानांत काही वर्षांनी कबर उघडून अस्थी कोनाड्यात ठेवतात, म्हणून कोणी खंत करू नये. येशूच्या काळी यरुशलेमेतही देह गुहेत ठेवून, पुढे अस्थी गोळा करून दगडी पेटीत ठेवण्याची रीत होती.

जमीन नाकारली जाते तेव्हा

भाषेविषयी आणखी एक गोष्ट खरी आहे: कोणाची भाषा बळाने बंद करणे हा अन्याय होय. कुटुंबाने परिस्थिती पाहून दहन निवडणे वेगळे, आणि पुरण्याची जागाच नाकारून त्याला दुसरीकडे ढकलणे वेगळे.

३० मार्च २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने करोनाने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असा आदेश काढला. तो त्याच दिवशी बदलण्यात आला. त्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सन्मानाने दफन होणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. पण २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडमधील बस्तर भागातील एका पाळकाचा देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता. गावातील लोक त्याला गावात पुरू देत नव्हते, आणि मुलाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. प्रेत आणखी ताटकळू नये म्हणून त्यांनी वीस-पंचवीस किलोमीटर दूर असलेल्या ख्रिस्ती कबरस्थानात, पोलिसांच्या संरक्षणात, दफन करण्याचा निर्देश दिला. ज्या गावात बाप जगला त्या गावात त्याला हातभर जागा मिळाली नाही. हेथी लोकांनी उपऱ्या अब्राहामाला दिलेला मान येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

याच्या उलट एक घटना इतिहासात आहे, आणि ती मराठी माणसाची आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपचा प्रवास करून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्या ख्रिस्ती शहरात दहनाची रीत नव्हती. तरीही तेथील अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि आर्नो नदीच्या काठी, संगमावर, महाराजांचा अंत्यसंस्कार त्यांच्या धर्माप्रमाणे झाला. पुढे तेथे त्यांचे स्मारक उभारले गेले. मातीच्या देशात एका पाहुण्याला अग्नी मिळाला. लोकांनी तुमच्याशी जसे वागावे असे तुम्हांला वाटते, तसेच तुम्ही त्यांच्याशी वागा, ही प्रभूची शिकवण त्या दिवशी तेथे पाळली गेली. आपल्या मृतांसाठी माती मागताना आपणही दुसऱ्यांच्या चितेचा मान राखला पाहिजे. तसे केले तरच आपल्या मागणीला नैतिक बळ येते.

आणि दोष नेहमी बाहेरच्यांचाच असतो असेही नाही. तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथील एका ख्रिस्ती कबरस्थानात दलित ख्रिस्ती आणि इतर यांच्या कबरींमध्ये भिंत घालण्यात आली आणि ती कित्येक दशके उभी राहिली. एकाच पुनरुत्थानाची वाट पाहणारे लोक भिंतीच्या दोन बाजूंना! वाचकहो, आपल्या मंडळीत अशी विटांची भिंत नसेलही. पण वर्गणी थकली म्हणून, दुसऱ्या पंथात लग्न केले म्हणून, आत्महत्या केली म्हणून किंवा कुटुंबाने दहन ठरवले म्हणून आपण कोणाच्या मयताला पाळक पाठवण्याचे नाकारले असेल, तर ती भिंत आपल्याकडेही आहे.

आपण काय करावे

पंडिता रमाबाईंनी आपले शेवटचे दिवस संपूर्ण पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात घालवले आणि १९२२ मध्ये केडगाव येथे त्या प्रभूकडे गेल्या. त्यांच्या तरुणपणीची एक हकीकत प्रसिद्ध आहे. दुष्काळाच्या दिवसांत त्यांची आई वारली तेव्हा प्रेत उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या प्रयासाने दोघे जण तयार झाले, आणि भाऊ व बहीण दोघांनाही खांदेकरी व्हावे लागले. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. ते घर तेव्हा ख्रिस्ती नव्हते आणि प्रेत चितेवर जाणार होते. पण त्या दिवशी त्या मुलीला उणे पडले होते ते खांदा देणाऱ्यांचे.

पहिल्या मंडळीची कीर्ती झाली ती याच बाबतीत. टर्टुलियन सांगतो की मंडळीच्या निधीतून गरिबांची प्रेते पुरली जात. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या जुलियन सम्राटानेही मान्य केले की हा धर्म वाढण्याच्या कारणांत ख्रिस्ती लोक मृतांची घेत असलेली काळजी हे एक आहे. तोबिताने जिवाचा धोका पत्करून बेवारस प्रेते पुरली. मृतांना पुरणे हे जुन्या मंडळीने दयेच्या कृत्यांत गणले.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. आपली इच्छा धडधाकट असतानाच घरच्यांना सांगून ठेवा, शक्य तर लिहून ठेवा. दफन शक्य असेल तर ते निवडा, आणि ते साधेपणाने करा. कर्ज काढून संगमरवर बसवू नका. दहन करावे लागले तर लाजू नका. पाळकांना बोलवा, वचन वाचा, आणि राख कोठेतरी उधळून न देता नाव लिहून एका जागी मातीत ठेवा, म्हणजे नातवंडांना उभे राहून प्रार्थना करायला ठिकाण राहील. पाळकबंधूंनो, विद्युतदाहिनीच्या दारापर्यंत जाण्यास संकोच करू नका. मंडळीच्या पंचांनो, कबरस्थानाच्या वहीत बाकी पाहण्यापूर्वी मयताच्या घरी जाऊन या. आणि आपल्या गावात ज्याला कोणी नाही, असा मनुष्य मेला तर, तो कोणत्या पंथाचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे न विचारता, त्याच्या लोकांच्या रीतीप्रमाणे त्याला पोहोचवण्यासाठी आपल्यातून चार माणसे उठू द्या.

याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालले. दाविदाने त्यांना आशीर्वाद दिला तो त्या चालण्याबद्दल. आपणही एकमेकांच्या मृतांसाठी तेवढे चालावे. उठवणारा प्रभू आहे, आणि कोणाला कोठून उठवायचे हे त्याला ठाऊक आहे.